खाडीपलीकडचं सुरूचं झाड

राजापूरजवळच्या नाटे बंदरात कोणालाही विचारा, सहदेव तांडेल कसा माणूस आहे, तर तो आधी हसेल. मग म्हणेल, माणूस चांगला, पण हट्टी. बोटीवर जीपीएस आहे, पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र आहे, खलाशांच्या मोबाइलवर वाऱ्यापावसाचा अंदाज येतो, आणि हा बोटीचा तांडेल, म्हणजे मुख्य, किनाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो, डोळे बारीक करतो आणि गडाचा बुरूज पाण्याच्या टाकीला लागला की म्हणतो, "टाका जाळं." त्याचा भागीदार धाकू यंत्रात बघून तीच जागा दोन मिनिटं आधी सांगू शकतो. सांगतोही. त्यावर सहदेवाचं उत्तर ठरलेलं. "तुझं यंत्र बॅटरीवर चालतं. डोंगर बॅटरीवर नाय चालत."

ही विद्या बापाची, दादू तांडेलाची. समुद्रातून बघताना किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन वस्तू एका रेषेत आल्या की खाली खडक असतो आणि कोणत्या आल्या की सुरमई लागते, याचा आख्खा नकाशा दादूच्या डोक्यात होता. सहदेव सात वर्षांचा झाला तेव्हा दादूने त्याला संध्याकाळचं धक्क्यावर बसवायला सुरुवात केली. खाडीच्या पलीकडच्या काठावर डावीकडून बुरूज, मग कौलारू शाळा, मग पाण्याची टाकी, टाकीच्या उजवीकडे एकटं उभं सुरूचं झाड. हे बघून सांगणं दादूच्या हिशेबी काहीच नव्हतं. धुकं असो, पावसाची सर असो, विचारलं की उत्तर आलं पाहिजे. म्हणून तो पोराला पाठमोरं बसवायचा आणि विचारायचा, "टाकीच्या उजवीकडं काय हाय?" उत्तराला उशीर झाला तर कानाखाली बसायची. सहदेव चार महिन्यांत तयार झाला.

दादूकडून त्याला आणखी एक वारसा आला होता, पण त्याला वारसा म्हणायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग. पाठीवर, पोटावर, काखेत. दादूला तर उतारवयात कातडीखाली मऊ मऊ गाठीही आल्या होत्या आणि गावातली पोरं त्या मोजायची. दादू मोजू द्यायचा. सहदेवाच्या अंगावर डाग दिसले तेव्हा तो म्हणाला, "माझाच हाय." पुढे सहदेवाच्या मुलीच्या, तेजलच्या अंगावर वर्षाच्या आत तसेच डाग उठले, तेव्हा दादू गेला होता, पण घरात सगळ्यांना त्याची आठवण आली आणि सगळे कौतुकाने हसले. आज सहदेवाला ते हसणं आठवलं की जेवण जात नाही.

तेजल चार वर्षांची असताना तापासाठी तिला राजापूरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासायला फ्रॉक वर केला आणि ताप राहिला बाजूला, ते डाग मोजायला लागले. अकरा भरले. "घरात आणखी कोणाला आहेत असे?" त्यांनी विचारलं. सहदेवाने शर्ट वर करून दाखवला, जवळजवळ अभिमानानेच. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर एक लांबलचक नाव लिहिलं, न्यूरोफायब्रोमॅटोसिस. बारावी झालेल्या श्रद्धाला, म्हणजे सहदेवाच्या बायकोला, ते पाच वेळा वाचून पाठ झालं. सहदेवाला कधीच झालं नाही.

रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी ते नाव उलगडून सांगितलं. हा आजार रक्तातून उतरतो. आईबापांतल्या एकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. बऱ्याच जणांचं आयुष्य डागांवर आणि गाठींवर निभावतं, दादूचं निभावलं, सहदेवाचं निभावतंय. पण काही लहान मुलांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ धरते. तेजल साडेपाच वर्षांची असताना मुंबईला एमआरआय झाला, आणि तिच्या डाव्या डोळ्यामागच्या नसेवर ती होती.

"लगेच काही करायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यातल्या पुष्कळ गाठी आहेत तेवढ्याच राहतात. नजर कमी व्हायला लागली किंवा गाठ वाढली तरच औषध. म्हणून दर तीन महिन्यांनी नजर तपासायची, एकेक डोळा झाकून. ही तारीख चुकवू नका. लहान मुलं एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी सांगत नाहीत, दुसऱ्या डोळ्यावर त्यांचं भागतं."

श्रद्धा हे ऐकून रडली. सहदेव रडला नाही, कारण त्याला वाटलं, हे आपल्याला जमेल. पाळत ठेवायची. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? तीन महिन्यांनी कशाला, तो रोज डोळ्यांत तेल घालून बघेल. आणि खरं सांगायचं तर, हे पोरीला दिलं ते मीच, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. काहीतरी रोज केल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी, बोट लागली, मासळी उतरली, की तो आंघोळ करून तेजलला घेऊन धक्क्यावर बसायला लागला. तळहाताने तिचा उजवा डोळा झाकायचा आणि विचारायचा.

"डावीकडनं पहिलं काय हाय?"

"बुरूज."

"मग?"

"शाळा. मग टाकी."

"टाकीच्या उजवीकडं?"

"सुरू."

पोरगी हुशार. आठ दिवसांत तिला खाडीचा पलीकडचा काठ बापासारखाच तोंडपाठ झाला, आणि बापाला त्याचा इतका आनंद झाला की आपण करतोय काय हे त्याच्या लक्षात आलं नाही. धक्क्यावरचे लोक ऐकायला थांबायचे. धाकू म्हणायचा, "हिलाच घेऊ या तांडेल म्हणून, तू जा घरी." पहिल्या दोन तपासण्यांत डॉक्टरबाईंनी नजर ठीक असल्याचं सांगितलं. सहदेवाला ते ऐकून नवल वाटलं नाही. त्याला रोजच कळत होतं.

तिसरी तपासणी ऑक्टोबरात होती. श्रद्धाने कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला होता. तोवर तेजल सहा वर्षांची होऊन पहिलीत गेली होती. तारखेच्या चार दिवस आधी श्रद्धा म्हणाली, "ती वाचताना मान वळवते हल्ली. शाळेतल्या बाईंनी पण सांगितलं. आणि परवा दाराच्या डाव्या चौकटीवर आपटली."

"पोरं आपटतात."

"एकाच अंगाला?"

सहदेव भाकरी मोडत होता. मासळी जोरात होती, तो एक दिवस घरी राहिला तर सहा माणसं बसून राहणार होती, हे कारण त्याने सांगितलं. ते खरंही होतं. पण खरं कारण त्याच्या तोंडून नंतर आलं. "रोज बघतंय ना मी. काल सुरूपर्यंत सगळं सांगितलंन तिनं, डाव्या डोळ्यानं. डॉक्टर तीन महिन्यांनी बघणार, मी रोज बघतंय. दिवाळी होऊ दे, मग जाऊ."

श्रद्धालाही सगळं ठीकच असायला हवं होतं, म्हणून ती फार भांडली नाही. ही गोष्ट तिने स्वतःला अजून माफ केलेली नाही. दिवाळी झाली, मग धाकूच्या पुतणीचं लग्न आलं, मग जाळी दुरुस्तीला निघाली. लाल गोलाचं पान उलटलं, त्याच्या पुढचं आणखी एक उलटलं.

डिसेंबर लागला होता. एका सकाळी बोट बाहेर काढताना सहदेवाने सवयीने किनाऱ्याकडे बघितलं आणि त्याचा हात सुकाणूवर थांबला. टाकीच्या उजवीकडे आभाळ होतं. नुसतं आभाळ. कोणीतरी बंगला बांधायला घेतला होता आणि बापाच्या वेळचा सुरू उजाडता उजाडता तोडून आडवा केला होता. सहदेव दिवसभर फुगून बसला. धाकूने त्याला छळायची संधी सोडली नाही. "आता काय करतंस? यंत्र लावू?"

संध्याकाळी तो तेजलला घेऊन धक्क्यावर गेला तो ही बातमी सांगायलाच. पण म्हणाला, आधी विचारू या, तिचं तिला कळू दे. झाड नाही हे बघून तिचा चेहरा कसा होतो हे त्याला बघायचं होतं. त्याने तिचा उजवा डोळा झाकला. ऊन पाठीमागून पलीकडच्या काठावर पडलं होतं, सगळं धुतल्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

"डावीकडनं?"

"बुरूज. शाळा. टाकी."

"टाकीच्या उजवीकडं काय हाय?"

"सुरू," तेजल म्हणाली.

सहदेवाला वाटलं, ती सवयीने बोलली. "नीट बघ."

तिने मान थोडी वळवली, डोळा ताणला. "हाय ना. सुरू."

"हलतोय का?"

"थोडा थोडा हलतोय."

त्याने हात उजव्या डोळ्यावरून काढला आणि डाव्यावर ठेवला.

"बाबा!" तेजल म्हणाली. "सुरू कुठं गेला?"

त्याने पुन्हा हात बदलला. तिला तिथेच आपल्याकडे तोंड करून बसवून तो पाच पावलं मागे गेला, तिला स्वतःच्या हाताने उजवा डोळा झाकायला सांगितला आणि बोटं वर केली. "किती?"

"तीन."

बोटं दोन होती. दोन पावलं पुढे आला. "किती?"

"चार?" तिने विचारलं. एकच होतं. अगदी तिच्यासमोर आला तेव्हा तिने बरोबर सांगितलं. मग तिचा चेहरा उतरला, कारण बापाचा उतरला होता. "चुकलं का माझं?"

दादूची थप्पड सहदेवाला तेव्हा आठवली, इतक्या वर्षांनी. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "तुझं नाय चुकलं. या डोळ्यानं कधीपास्नं दिसत नाय गो?"

"ठाऊक नाय. धुक्यासारखं हाय."

"मग मला सांगितलंस का नाय?"

तेजल विचारात पडली. तिला खरंच उत्तर द्यायचं होतं. "तू दिसतं का असं विचारलंसच नाय," ती म्हणाली. "तू काय हाय असं विचारतोस. आणि धुक्यात पण सांगता आलं पायजे असं तूच सांगितलंस."

हे खरं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला मोठ्या अभिमानाने आजोबांची गोष्ट सांगितली होती, पाठमोरं बसवून विचारणाऱ्या दादूची. पोरीने ती मनावर घेतली होती. वर्षभर ती त्याला पास होऊन दाखवत होती.

घरी जाऊन त्याने श्रद्धाला सांगितलं. काहीही लपवलं नाही, हलणाऱ्या झाडासकट सांगितलं. श्रद्धा शिव्या देईल, हंबरडा फोडेल, याची त्याने तयारी केली होती. ती उठली, फाईल काढली, पिशवीत घातली आणि म्हणाली, "उद्या पहिली रत्नागिरी गाडी."

एसटीत तेजल खिडकीशी बसली आणि आडिवऱ्यापर्यंत बडबडली, मग झोपली. सहदेव तिच्या डावीकडे बसला होता. पूर्णगडचा पूल आला, पावस गेलं. तो मनातल्या मनात आठवडे मोजत होता. ऑक्टोबरात आणलं असतं तर. सुरू दोन महिने आधी तोडला असता तर. आणि तोडलाच नसता तर? हा शेवटचा विचार आला तसा त्याने पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली.

डॉक्टरबाईंनी तेजलला खुर्चीत बसवलं. भिंतीवरचा तक्ता नेहमीचा होता. उजवा डोळा झाकला, तशी तेजलने पहिल्या तीन ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या. श्रद्धाने आशेने वर बघितलं. सहदेवाने मान हलवली. "तो नको," तो म्हणाला. "तिला पाठ असेल. दुसरा लावा."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि कपाटातून दुसरा तक्ता काढला. या वेळी तेजल सगळ्यात वरच्या मोठ्या अक्षराशी अडली. मग रंगीत ठिपक्यांची कार्डं दाखवली. बाटलीचं लाल टोपण आधी उजव्या डोळ्याला, मग डाव्याला. "कसा रंग?" "लाल." "आणि आता?" "मातीसारखा." डोळ्यांत थेंब घालून आत दिव्याने बघितलं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. एवढं सगळं होईपर्यंत अर्धा तास गेला आणि डॉक्टरबाई लिहीत राहिल्या.

"ऑक्टोबरची तारीख होती," त्या म्हणाल्या.

"माझ्यामुळं चुकली," सहदेव म्हणाला. "मी रोज घरी तपासायचो." आणि कसं तपासायचा ते त्याने पुरं सांगितलं.

डॉक्टरबाईंनी त्याला झापलं नाही. झापलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. "या आठ आठवड्यांत किती नजर गेली हे मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच सांगू शकणार नाही. डाव्या डोळ्याची बरीच गेलीये. उजवा चांगला आहे. आता घाई आहे ती उजव्याची. दोन्ही नसा पुढे जिथे एकत्र येतात तिथे ही गाठ पोचता कामा नये. मुंबईला फोन करते, याच आठवड्यात जा."

सहदेवाने त्या दिवशी संध्याकाळी बोटीची किल्ली धाकूला दिली. "जाळं कुठं टाकायचं ते तुझ्या यंत्राला विचार," तो म्हणाला.

मुंबईत श्रद्धाच्या भावाकडे ते राहिले. एमआरआयमध्ये गाठ वाढलेली निघाली. दोन नसांच्या जोडापासून ती थोडी अलीकडे होती, किती ते डॉक्टरांनी करंगळीच्या पेराचा अर्धा भाग दाखवून सांगितलं. दर आठवड्याला केमोची सलाईन सुरू झाली. तेजलचे केस विरळ झाले, तोंड आलं, तिला मासळीचा वाससुद्धा नकोसा झाला, आणि तांडेलाच्या पोरीला तो नकोसा व्हावा याचं सहदेवाला जास्त वाईट वाटलं. अकराव्या आठवड्यात पुन्हा एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस नवराबायको एकमेकांशी फक्त चहाविषयी बोलले. गाठ जिथे होती तिथेच थांबली होती. उजवा डोळा पूर्ण होता. डावा होता तेवढाच, कमी नाही, जास्त नाही. पुढचं वर्षभर औषध चालणार होतं, महिन्यातून काही दिवस मुंबई आणि बाकीचे घरी. डाव्या डोळ्याचं गेलेलं परत येईल का, असं सहदेवाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याची आशा धरून बसू नका, आहे ते राखू या.

शिमग्याच्या आधी ते गावी नाट्याला आले. घरी नजर कशी बघायची ते आता श्रद्धाने ठरवलं होतं. धाकूने धक्क्याजवळच्या लहान होडीच्या काठीला रोज एक फडकं बांधायचं, कोणत्या रंगाचं ते कोणाला सांगायचं नाही, सहदेवाला तर नाहीच. डॉक्टरबाईंनी होय म्हटलं, पण बजावलं, की याच्या जोरावर तारीख चुकली तर माझ्याकडे येऊ नका. श्रद्धा म्हणाली, आता तारखा माझ्याकडे.

पहिल्या संध्याकाळी सहदेव तेजलला घेऊन त्याच दगडावर बसला. तिच्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून श्रद्धाने रुमाल बांधला होता. त्याने तिचा उजवा डोळा झाकला.

"होडीवर काय दिसतंय?"

ती बराच वेळ बघत राहिली. "फडकं. निळं हाय." सहदेवाने स्वतः वळून बघितलं. निळं होतं.

"आणि पलीकडं? टाकीच्या उजवीकडं काय दिसतंय?"

तिथे आता काय आहे ते तेजलला माहीत होतं. एसटीतून उतरल्या उतरल्या धाकूकाकाने सगळं सांगितलं होतं. बंगल्याचे चार खांब उभे राहिलेत, त्यावर लोखंडी सळ्या आहेत, सुरूचा बुंधा अजून पडलेला आहे. उत्तर तिच्या जिभेवर होतं. सहदेवाला तिचे ओठ हललेले दिसले. तिने ओठ मिटले. आणखी एकदा बघितलं, मान वळवून, नीट.

"दिसत नाय, बाबा," ती म्हणाली.

"शाब्बास," सहदेव म्हणाला. तेजलनेच त्याचा हात धरून उजव्या डोळ्यावरून काढला, डाव्यावर ठेवला आणि ती पलीकडचे खांब मोजायला लागली.